दर रविवारी, मी स्वतः

बाटली नवनीतच्या हातात दिसली तेव्हा रूपालीला आधी बरंच वाटलं. सकाळपासून ती बाटली शोधत होती. ओट्यावर, ओट्याखाली, मिक्सरच्या मागे, फ्रिजच्या वर. धिरडी करायची म्हणून तवा तापत ठेवला होता आणि तेलाची फवाऱ्याची बाटली जागेवर नव्हती. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माले काय माहीत?" शेवटी गॅस बंद करून तिने कालच्या भाकरीचा काला केला आणि तिघांनी तोच खाल्ला. नवनीत मान खाली घालून खात होता. आता तीच बाटली निवृत्त शिक्षक मंडळाच्या सभागृहात, मंचावर, कापडी पिशवीतून बाहेर आली होती. पाव लिटरची काचेची बाटली, काळं प्लॅस्टिकचं डोकं, दाबायचा घोडा. नवनीतने ती खिडकीच्या उजेडात उंच धरली. तो अजून रनाळ्याच्या हायस्कुलात गणित शिकवत होता. वर्गात वर्तुळ काढायचा कंपास जसा वर धरत असेल, तशीच त्याने ती धरली. मंडळाने त्याला हृदयविकारातून उठल्याचा अनुभव सांगायला बोलावलं होतं आणि खाली शंभरेक माणसं होती. नंदुरबारातले निवृत्त मास्तर, त्यांच्या बायका, काही नुसतेच हृदयाचे पेशंट. "ही माझी दुसरी बायको," नवनीत म्हणाला, आणि सभागृह हसलं. "हसू नका. पहिलीपेक्षा हिची जास्त काळजी घेतो. दर रविवारी मी स्वतः हिला उघडतो, धुतो, वाळवतो, नवं तेल भरतो. स्वतः." टाळ्या पडल्या. पहिल्या काही टाळ्या रूपालीच्याही होत्या. हात सवयीने वाजले होते, कान नंतर पोचले.

मग तिने हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बारीक डाग होते, तांदळाच्या कण्यांएवढे. ते तिला आता एकदम मोठे दिसले. शेजारी सासूबाई, शोभाबाई, टाळ्या थांबवून पदराने डोळे टिपत होत्या आणि पलीकडच्या बाईला सांगत होत्या, "सोता करस व माय, मन्हा पोऱ्या. सगळं सोता." रूपालीने मान वळवून त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. या बाईने दीड वर्ष, दर रविवारी, न्हाणीच्या दारात बसून शेंगा फोडता फोडता तिला ही बाटली धुताना पाहिलेलं होतं. एकदा तर, "केवढा वखत घालस त्या बाटलीमा, जीव शे का तिन्हामा?" असंही विचारलं होतं. आणि आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खरं होतं, हेच तर रूपालीला सोसेना. खोटं रडत असत्या तर तिला समजलं असतं. ज्या डोळ्यांनी तिला धुताना पाहिलं होतं तेच डोळे आता मुलाला धुताना पाहत होते आणि त्यांना काही अडचण होत नव्हती.

बाकीचे सहा दिवस रूपाली पंचायत समितीत कारकून होती. आवक, जावक, बसलेल्या खुर्च्यांसमोर उभं राहणं. रविवार एकच. रविवारी सगळे निवांत असताना ती बाटलीतलं उरलेलं तेल वाटीत काढी, घोड्याचं डोकं फिरवून मोकळं करी, आतली नळी ओढून काढी. नळी हलक्या हाताने ओढायची, डोकं उलटं धरून, थोडी पिळत. सरळ ओढली तर तिच्या वरच्या टोकाला चीर पडते. मग बाटलीत गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून डोकं परत लावायचं आणि मोरीत फवारत राहायचं, फेस यायचा थांबेपर्यंत. मग नुसतं गरम पाणी. मग डोकं लिंबाच्या पाण्यात अर्धा तास. तोंडावरचा चिकटा जुन्या दातांच्या ब्रशने. तेल साचून राहिलं की त्याचा डिंक होतो, पिवळा, बोटाला न सोडणारा, आणि त्याला खवट वास येतो, बंद पडलेल्या घरातल्या दिव्यासारखा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिली बाटली तिने टाचणीने मोकळी करायला जाऊन घालवली. छिद्र मोठं झालं आणि धुक्याच्या जागी सरळ धार यायला लागली. दुसरी घाण्याच्या शेंगदाणा तेलाच्या गाळाने बंद पडली. तेव्हापासून तेल ती दोनदा मलमलीतून गाळून घेई. पौषात तेल घट्ट व्हायचं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवावी लागे. आणि एकदा, अगदी सुरुवातीला, नळीत पाणी राहिलं होतं. धुतलेली बाटली घाईने भरली, तापलेल्या तव्यावर घोडा दाबला आणि तवा फुटल्यासारखा तडतडला. मनगटावरचे तीन डाग तेव्हाचे. आणखी एकदा तव्याखाली ज्योत मोठी असताना फवारलं, तर फवाऱ्यानेच पेट घेतला. क्षणभरच. पण कपाळावरचे केस जळाल्याचा वास तिच्या नाकात आठवडाभर होता. नवनीत तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. "कशाना वास येस?" त्याने विचारलं होतं. "काही नाही," ती म्हणाली होती. का म्हणाली होती काही नाही? आज, या खुर्चीत, तिला त्या "काही नाही"चाच राग आला. असे किती काही-नाही तिने त्याला दिले होते, आणि तो ते सगळे खिशात घालून मंचावर जाऊन उभा राहिला होता.

मंचावर तो आता सुरतेची हकिगत सांगत होता. त्याचा आवाज चांगला होता, वर्गात कमावलेला. "मी गाडीत बसलो आणि ठरवलं, मरायचं नाही." रूपालीला ती गाडी आठवली. चैत्रातली दुपार होती. विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती आणि गाडी हलत नव्हती. रस्त्याच्या कडेला कढईत भजी पडत होती. तो वास काचेच्या फटीतून आत येत होता आणि नवनीतचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. त्याचा हात तिच्या हातात होता, ओला, थंड, मेलेल्या माशासारखा. त्याने काही ठरवलं वगैरे नव्हतं. तो म्हणत होता, "रूपाली, मी जातू का? मी जातू का व?" आणि ती खाली उतरून ट्रकवाल्यांना हात जोडत, एकेकाच्या दारावर चापट्या मारत पुढे गेली होती. एकाने शिवी दिली, दुसऱ्याने ट्रक मागे घेतला. चप्पल तिथेच राहिली. नवापूर ओलांडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की पाय भाजलेत. सुरतेला दोन स्टेंट पडले. डॉक्टर म्हणाले, "तेल बंद म्हणजे बंद नाही, मोजून." मोजायचं कसं, तर त्यांच्या नर्सने ही फवाऱ्याची बाटली दाखवली. हे सगळं नवनीतच्या हकिगतीत नव्हतं. तिथे तो होता, डॉक्टर होते आणि निश्चय होता. ट्रकवर थापा मारणारी कुणी बाई नव्हती. ठीक आहे, ती मनात म्हणाली. तेवढं ठीक आहे. माणूस घाबरला होता, त्याला आठवत नसेल. पण बाटली?

हेच तिला कळेना, की बाटलीनेच इतकं का लागावं. दीड वर्ष तिने स्वतःही तेच खाल्लं होतं. दोन स्वयंपाक करायला वेळ नव्हता, आणि एका ताटात तर्री आणि दुसऱ्यात कोरडं वाढणं तिला बरं वाटेना. तिच्या छातीत काही नव्हतं. तरी गेल्या हिवाळ्यात भाजलेल्या वांग्यांचं भरीत झालं ते असं, चार फुसफुस मारून, राखेसारखं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तेल-चटणीचा तो लाल ओघळ तिने पाहिला नव्हता. ओठ कोरडे पडायचे. मुलगी चेतना पुण्याहून सुट्टीत आली की म्हणायची, "आई, तू का खातेस असं?" तेव्हा ती हसण्यावारी न्यायची. त्याचंही तिने कधी काही मानलं नाही. मग या पाव लिटर काचेचं काय एवढं? लहान गोष्ट होती म्हणूनच असेल. मोठ्या गोष्टी माणसं एकमेकांच्या घेतातच. घर, नाव, वय. ही इतकी लहान होती की कुणी घेईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. ती उघडी टाकली होती तिने, कुलूप न लावता. पंख्याचा वारा लागत असूनही तिच्या मानेला घाम फुटला.

मंडळाचे अध्यक्ष पितांबर सर उठले. सत्तरी उलटलेले, स्वच्छ धोतरातले. "कुणाला सरांना काही विचारायचं असेल तर विचारा," ते म्हणाले. थोडी चुळबूळ झाली आणि तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी उभी राहिली. सुंदरबाई, रूपाली तिला तोंडओळखीने ओळखत होती, मालकाचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालेलं. "सर, मन्ही पोरनी अशीच बाटली लयी देल शे. पन ती बंद पडी गयी. कितलंबी दाबो, येतच नही. काय करो?"

"सोपं आहे," नवनीत म्हणाला. "टाचणी घ्यायची आणि छिद्र मोकळं करायचं."

"आनी तेल सरनं म्हंजे?"

"वरून भरत राहायचं. पूर्ण भरायची, गळ्यापर्यंत."

"आनी फवारतांना गॅस चालू ठेवो का बंद करो? माले त्यान्हंच भ्याव वाटस."

"चालूच ठेवायचा, आजी. मोठा. तवा चांगला लाल तापला पाहिजे, मग वरून दोन फवारे." त्याने हवेत घोडा दाबून दाखवला. बारीक धुकं उडालं आणि उजेडात क्षणभर चमकलं. इतकं बारीक धुकं का उडतं, हे सभागृहात एका माणसाला माहीत होतं.

रूपाली उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तिला स्वतःला फार मोठा वाटला. सुंदरबाईचे जाड चष्म्यातले डोळे, तिचा सुती पदर, तो पदर ज्योतीच्या किती जवळ येत असेल, हे सगळं तिला एकदम दिसलं. आणि त्याच वेळी, आतल्या आत, हेही दिसलं की आपल्याला उभं राहायला कारण सापडलं म्हणून आपण खूश झालो आहोत. ती सुंदरबाईसाठी उठली होती की स्वतःसाठी, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. "आजी, गॅस चालू असताना फवारू नका," ती म्हणाली. "पेट घेतं. तवा तापला की गॅस बंद करा, तवा बाजूला घ्या, मग फवारा. आणि टाचणी लावू नका. छिद्र मोठं होतं, मग धार येते. डोकं उलटं धरून नळी हळू पिळत काढा. गरम पाण्यात साबणाचे चार थेंब घाला, फेस संपेपर्यंत मोरीत फवारा. मग डोकं लिंबाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. उन्हात दिवसभर वाळवा, नळीसुद्धा. पाण्याचा एक थेंब राहिला तर तडतडतं, भाजतं. जुन्या तेलावर नवं ओतू नका, खवट होतं. गळ्यापर्यंत भरू नका, वर चार बोटं मोकळी ठेवा."

दोनतीन बायका आपल्या खुर्च्यांवरून वळून बघत होत्या. एकीने पिशवीतून पेन काढलं होतं. नवनीत हसला. ते हसू रूपालीला ठाऊक होतं, पालक-सभेतलं होतं. "बघा," तो म्हणाला, "माझ्याबरोबर राहून आमच्या सौभाग्यवतीही तयार झाल्या." पुन्हा हशा पिकला. तो हशा वाईट नव्हता, प्रेमळच होता, आणि त्या प्रेमळपणाने तिचा उरलासुरला संयम सुटला.

"सर," ती म्हणाली. घरात ती त्याला सर म्हणत नसे. "ही बाटली मी धुते. तुम्ही एकदाही धुतलेली नाही."

कुणीतरी खोकलं. पितांबर सरांनी घाईने माईक घेतला आणि "संसार म्हटलं की दोघांचं मिळून असतं" असं काहीतरी म्हटलं, आणि शाल मागवली. शाल नवनीतच्या खांद्यावर पडली. नारळ नवनीतच्या हातात गेला. ती अजून उभीच होती. बसायचं राहून गेलं होतं.

घरी येताना रिक्षात तिघं होते. नवनीत पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी, शाल गुंडाळून मांडीवर. मागे त्या दोघी. धुळे रस्त्यावर वर्दळ होती. घर जवळ आल्यावर शोभाबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "तो बोलना ते बोलना. तुन्हं काय गयं त्यामा?" त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरोखर कळत नव्हतं. रूपालीने उत्तर शोधलं. काय गेलं? बाटली पिशवीत होती, नवरा जिवंत होता, रविवारचा अर्धा दिवस उरला होता. काहीच गेलेलं दिसत नव्हतं, आणि तरी तिला कुणीतरी घरात शिरून सगळी भांडी उलटीपालटी करून ठेवल्यासारखं वाटत होतं. "तुम्ही टाळ्या का वाजवल्यात?" तिने विचारलं. "तुम्हले माहीत व्हतं ना." शोभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पदर सारखा केला. "पोऱ्या शे मन्हा," त्या म्हणाल्या. रूपालीला वाटलं, आजच्या दिवसात ऐकलेलं पहिलं खरं वाक्य हेच.

दार लागलं आणि नवनीतने शाल सोफ्यावर फेकली. "मन्हं नाक कापं तू. शंभर लोकेस्मोर."

"तुम्ही खोटं बोलनात."

"एक बाटली! एवढीशी गोष्ट!"

"एवढीशीच होती," ती म्हणाली, "तर खरं सांगायला काय जात होतं? एवढीशी होती तर मला द्यायची होती. 'माझी बायको धुते', तीन शब्द. तेवढेही नाही निघाले तोंडातून? आणि आधी काय म्हणालात, दुसरी बायको. पहिलीपेक्षा जास्त काळजी घेतो! पहिलीची काय काळजी घेतलीत तुम्ही? ती म्हातारी आज घरी जाऊन पदर पेटवून बसली असती."

नवनीत सोफ्यावर शालीशेजारी एकदम बसला. मंचावरचा आवाज त्याच्यातून निघून गेला होता. "मंग मी काय सांगतू तठे?" तो म्हणाला. "त्यासनी बलायं माले. म्हने, तुमना अनुभव सांगा. मन्हा काय अनुभव? स्टेंट डॉक्टरनी टाकं. गोळ्या तू देस. जेवाण तू करस. मी नुसता जिता राह्यनू. ते काय सांगाव?" त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "एक तरी गोष्ट मी करेल पाहिजे व्हती ना."

रूपाली उभी होती. हे तिला अपेक्षित नव्हतं. आतला राग क्षणभर पाय चुकल्यासारखा झाला. तिला गाडीतला तो ओला हात आठवला, आणि दया आली, जुनीच, ओळखीची, दर वेळी नेमकी याच ठिकाणी येणारी. आणि ती दया येताना दिसल्यामुळेच रूपालीने तिला आत घेतलं नाही. त्याला एक गोष्ट केलेली हवी होती. रविवार दर आठवड्याला येत होता. बाटली ओट्यावर होती. कुणी अडवलं होतं? "मग करायची होती," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली. साडी तीच, सभेची. रविवारी दुपारी ती या घरात कधी आडवी झाली नव्हती; छत या वेळेला कसं दिसतं, हेही तिला नवीन होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग स्वयंपाकघरात पावलं वाजली. भांड्यांची खडबड झाली, शोभाबाई म्हणाल्या, "राहू दे, ती करी नंतर," आणि नवनीत म्हणाला, "नही, मी करस." पाणी सुटलं. रूपाली डोळे मिटून ऐकत राहिली. आवाजावरून तिला सगळं दिसत होतं. त्याने तेल वाटीत काढलं नाही, तसंच मोरीत ओतलं. डोकं उलट्या बाजूला फिरवलं, मग बरोबर बाजूला. मग बराच वेळ काही नाही. मग त्याचा आवाज दारापर्यंत आला, जरासा ओशाळलेला, जरासा घाईतला. "रूपाली, ही नळी कशी निंघस?"

तिने डोळे उघडले. शंभर माणसांना तिने सांगितलं होतं, उलटं धरून, हळू, पिळत. एका बाईने लिहूनही घेतलं होतं. आणि तो तिच्यासमोर, माईक हातात धरून, मंचावर उभा होता. त्याने एक शब्द ऐकला नव्हता. ती बोलत होती तेवढा सगळा वेळ तो फक्त आपला अपमान कधी संपतो याची वाट बघत होता, नाहीतर त्यावर काय विनोद करावा हे शोधत होता. तिने उत्तर दिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, मग विचारणं सोडलं. आणि थोड्या वेळाने तो आवाज आला, बारीक, कोरडा, काडी मोडल्यासारखा. पाठोपाठ, "अरे."

नवी आणायला लागेल, तिच्या मनात आलं. उद्या ऑफिस सुटल्यावर, बाजारातून, काचेचीच, डोकं नीट बघून. उद्या सकाळी चमच्याने भागवू, अर्धा चमचा, कापसाच्या बोळ्याने तव्यावर फिरवू. हे सगळं एका श्वासात तिच्या डोक्यात तयार झालं, रांगेत, फाइलीला लावलेल्या कागदांसारखं. आणि मग तिला कळलं की आपण काय करतो आहोत. आज दिवसभरात तिला नवनीतचा राग आला होता, सासूचा आला होता, त्या हसणाऱ्या शंभर तोंडांचा आला होता. आता आला तो सगळ्यांहून मोठा होता, आणि तो तिचा स्वतःचा होता. ती उठून बसली.

"मोडली ना?" तिने मोठ्याने विचारलं. "उद्या शाळेतून येताना नवी आणा. दुकानात उभं राहून विचारून घ्या, कशी उघडायची, कशी धुवायची. त्याने सांगितलं ते ऐकून घ्या. मी पुन्हा सांगणार नाही."

पाणी चालूच होतं. मग कुणीतरी नळ बंद केला.